व्हीलचेअर द्यायचीय? आधी मूल मोजा

ताई, तुमच्या सोसायटीने दिव्यांग मुलांना व्हीलचेअर द्यायचं ठरवलं, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढं सांभाळा.

पहिली चूक बहुतेकांची तीच: मोठ्या माणसाची खुर्ची लहान मुलाला. मीही कळव्यात एका सात वर्षांच्या मुलीला तशीच दिली होती. ती एका बाजूला कलंडायची, पाय लोंबकळायचे. आई गोधडीची घडी खुपसून तिला सरळ बसवायची. म्हणून मूल बसलेलं असताना नितंबांची रुंदी टेपने मोजा. सीट त्याहून दोन-अडीच सेंटीमीटर जास्त, बस्स. तळवे खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर पूर्ण टेकले पाहिजेत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असेल, मान धरत नसेल, तर साधी घडीची खुर्ची देऊच नका; आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण व सेवा केंद्र आहे.

- दरवाजाची रुंदी, मोरीचा उंबरा, जिना स्वतः पाहून या.
- गादी सोबत द्याच. माकडहाडाजवळची त्वचा आईला रोज बघायला सांगा. लाली उतरत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे.
- ब्रेक लावूनच मुलाला बसवायचं-उठवायचं, हे घरच्यांकडून करवून घ्या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), केंद्र सरकारची एडिप योजना (दिव्यांगांना साहित्य मिळवून देणारी) हे नंतर सांगेन. मूल वाढतं, तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्या.

कळव्याच्या मुलीला पुढे मापाची खुर्ची मिळाली. आई तिला रोज कडेवर शाळेत न्यायची, ते थांबलं. आता रविवारी दोघी ठाण्यात तलावपाळीला येतात.