शिकवणीचे कर्ज आणि घरातली शिक्षिका

प्रश्न : मी वाशीच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार आहे. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत दहावीला असून सहामाहीत त्याला 68 टक्के मिळाले. आम्ही दोघे सातवीपुढे शिकलो नाही, त्यामुळे घरात अभ्यासाचे वातावरण नाही. पतपेढीचे कर्ज काढून त्याला अकरावीपासून इंटिग्रेटेड क्लासला (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी एकत्र) घालावे का? जेईई करावे की नीट? तुझ्यासाठी पोती उचलतो, असे त्याला रोज सांगतो, तरी फरक पडत नाही. मोठी मुलगी बारावी कॉमर्सला आहे, ती त्याचा अभ्यास घेते. तिची काळजी नाही. – एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

68 टक्क्यांनी मला चिंतेत टाकले नाही. ‘रोज सांगतो’ या दोन शब्दांनी टाकले. ज्या मुलाला रोज संध्याकाळी वडिलांच्या पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब ऐकावा लागतो, तो भूमितीचे पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात प्रमेयाआधी न फिटलेले देणे येते. अशी मुले हळूहळू गुण लपवू लागतात किंवा प्रयत्नच सोडतात, कारण जीव तोडून अभ्यास करूनही कमी पडलो हे कबूल करण्यापेक्षा ‘अभ्यासच केला नाही’ हा ठपका त्यांना सोसवतो. त्यात उद्या पतपेढीचे कर्ज आले, की प्रत्येक चाचणी त्याला हप्त्याच्या तारखेसारखी वाटू लागेल.

आता तुमचा समज, की आईवडील शिकलेले नाहीत म्हणून घरात वातावरण नाही. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन यांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले, की मुलांच्या यशातील फरकांशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक असतो. तेव्हापासून या निष्कर्षाचा सोयीचा अर्थ काढला जातो, की घर म्हणजेच नशीब. परंतु लाखो मुलांच्या सरासरीवरून एका मुलाचे भविष्य ठरत नाही. शिवाय पार्श्वभूमीत उत्पन्न आणि प्रमाणपत्रे येतात, तशीच घरातली बोलणी आणि अपेक्षाही येतात, आणि या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी 2009 साली तुमच्या मुलापेक्षा थोड्या लहान मुलांवरील 50 अभ्यास एकत्र तपासले. पालकांनी गृहपाठात मदत करण्याचा यशाशी चांगला संबंध आढळला नाही (अडखळणाऱ्या मुलांनाच अशी मदत जास्त मिळते, हेही त्यामागचे एक कारण असू शकते). शिक्षण कशासाठी, ते मुलाच्या आवडीशी आणि पुढच्या आयुष्याशी कसे जोडले जाते, हे पालकांनी बोलत राहण्याचा संबंध सर्वांत ठळक होता. त्यासाठी तुम्हाला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही.

बोलायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. कांद्याचा भाव एका सकाळीत का घसरतो, तोलाईचा हिशेब कसा होतो, माथाडी मंडळात मजुरीसोबत मालकांकडून जमा होणाऱ्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी कसा मिळतो, हमालांना संरक्षण देणारा 1969 चा कायदा संघटनेच्या बळावर कसा आला, हे त्याला सांगा. पोत्यांविषयीही जरूर बोला, मात्र धाक म्हणून नव्हे, काम म्हणून बोला.

जेईई अभियांत्रिकीसाठी, नीट वैद्यकीयसाठी. नीट आणि जेईईचा पहिला टप्पा (मेन) मराठीतूनही देता येतो, आणि दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे. यांतले काय निवडावे हे मी सांगू शकत नाही, कारण त्याला काय आवडते याविषयी तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. इंटिग्रेटेडसाठी मात्र कर्ज काढू नका, हे स्पष्टच सांगतो. अशा व्यवस्थेत अनेक ठिकाणी कॉलेज केवळ हजेरीपुरते उरते आणि शिकवण्याचा वेग आधीच तयारी झालेल्या मुलांना धरून ठेवलेला असतो. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलाची मे महिन्याच्या सुटीत गणिताची उजळणी आणि विज्ञानातील इंग्रजी संज्ञांची ओळख झाली, तर त्याला अधिक उपयोग होईल.

खरा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकला आहे. तुमच्या मुलीची बोर्डाची परीक्षा भावाच्या परीक्षेआधी सुरू होते आणि ऐन तयारीच्या दिवसांत तिच्या संध्याकाळी त्याला शिकवण्यात जातात. घरात नाही असे जे वातावरण तुम्ही म्हणता, ते ती फुकट पुरवते आहे, आणि म्हणूनच बहुधा ते तुम्हाला दिसत नाही. ‘काळजी नाही’ म्हणजे तिचे सगळे ठीक आहे, की तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही? तिची परीक्षा संपेपर्यंत ही शिकवणी आजच थांबवा. मुलाने अडलेले शाळेतल्या शिक्षकांना विचारावे. बारावीनंतर सीए फाउंडेशन देता येते, व्यवस्थापनाच्या पदवीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून राज्य शासनाने शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तुम्ही यात बसता का, याची चौकशी पतपेढीत जाण्याआधी करा.

बाजाराला सुटी असेल त्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन भेटायला या. येताना मुलीची अकरावीची गुणपत्रिका आणा. मुलाची आणली नाही तरी चालेल.