पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, मग टीबीला सहा महिने गोळ्या कशाला?

पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे तुम्ही शाळेत शिकलात, ते बरोबरच आहे. मग भावाला टीबीसाठी सहा महिने गोळ्या कशाला, असं विचारलंत. गोम अशी आहे की टीबीच्या जंतूला गिळलं गेलेलंच हवं असतं.

दुसऱ्याच्या खोकल्यातून आलेला जंतू फुप्फुसाच्या वायुकोशात पोचला की तिथली मॅक्रोफेज ही भक्षक पेशी त्याला एका पिशवीत कोंडते. एरवी ही पिशवी आतून आंबट होत जाते, पाचक रसांची दुसरी पिशवी, म्हणजे लायसोसोम, तिला येऊन मिळते आणि आतल्याचा निकाल लागतो. हा पठ्ठ्या पिशवी आंबट होऊच देत नाही. पाचच्या खाली उतरायचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) सहाच्या थोडा वरच अडकतो आणि लायसोसोमची गाठ पडत नाही. मग पेशीतलीच चरबी आणि कोलेस्टेरॉल खाऊन पाहुणा दिवस काढतो. पिशवीला भोकं पाडायची यंत्रणाही त्याच्याकडे असते. (बीसीजी लशीतल्या जंतूत नेमकी तीच गळालेली आहे.)

शिवाय अंगावर मेणाचं चिलखत. मी काही वर्षं लॅबमध्ये बेडक्याच्या स्लाइडी रंगवल्या. लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. तेव्हा कुठे रंग आत शिरतो. शिरला की वरून सल्फ्युरिक ॲसिड ओता, सुटत नाही. निळ्या पसाऱ्यात त्या बारीक लाल काड्या तशाच. माझ्या बोटांवरचे डागही तसेच चिवट. घरी विचारायचे, मेंदी कुणाच्या लग्नाची?

आता सहा महिने का, ते. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला १८ ते २४ तास लागतात. आयसोनियाझिड हे औषध त्या मेणाचं बांधकामच बंद पाडतं. पण जो वाढतच नाही, तो बांधकाम कसलं करणार? असे झोपी गेलेले जंतू त्यातून सुटतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं एकदम, त्यांत आंबट जागी काम करणारं पायराझिनामाइडही असतं, आणि पुढे चार महिने तीन औषधं.

जागे जंतू आधी मरतात, त्यामुळे खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भाऊ म्हणेल, 'मी आता ठणठणीत आहे.' तेव्हापासून गोळ्यांची पाकिटं तुम्ही स्वतः मोजा.