वाचकांचे प्रश्न : ‘आय ऑफ द नीडल’ या युद्धकालीन हेरकथेविषयी

केन फॉलेट यांच्या १९७८ सालच्या ‘आय ऑफ द नीडल’ या कादंबरीवर आम्ही वाचकांची मते मागवली होती. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. हेन्री फेबर या नावाने इंग्लंडमध्ये वावरणारा एक जर्मन हेर १९४४ साली असे शोधून काढतो की, पूर्व इंग्लंडमध्ये जमलेले दोस्त राष्ट्रांचे अवाढव्य सैन्य हा निव्वळ देखावा आहे. त्याची छायाचित्रे घेऊन तो जर्मन पाणबुडी गाठण्यासाठी स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडे निघतो, वादळात सापडतो आणि एका एकाकी बेटावर येऊन पडतो. तेथे दोन्ही पाय गमावलेला पती आणि लहान मुलगा यांच्यासह राहणारी ल्यूसी त्याला आसरा देते. पुढील उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो, याची नोंद घ्यावी.

प्रश्न (सांगली) : नॉर्मंडीची मोहीम, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दोस्तांचे आक्रमण, यशस्वी झाली हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मग हेर सुटेल की पकडला जाईल, याची उत्कंठा कशी वाटावी?

उत्तर : इतिहासाने नॉर्मंडीची हमी दिलेली आहे, परंतु फेबरच्या वाटेत येणाऱ्या माणसांच्या जिवाची हमी दिलेली नाही, हे या कादंबरीचे मर्म आहे. पहिल्याच प्रकरणात त्याच्या खोलीत अवेळी शिरलेली घरमालकीण त्याच्या अरुंद पात्याच्या खंजिराला बळी पडते, आणि तेव्हापासून त्याच्याशी आपुलकीने बोलणारा प्रत्येक माणूस वाचकाला धास्तावून सोडतो. युद्धाचा निकाल माहीत असूनही ही धास्ती तसूभर कमी होत नाही.

प्रश्न (पुणे) : मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. यातील सैन्याचा देखावा खरा आहे काय? आणि असा हेर खरोखर होता काय?

उत्तर : देखावा खरा आहे, हेर काल्पनिक आहे. दोस्तांचे आक्रमण फ्रान्सच्या पा-द-कॅले येथे, म्हणजे इंग्लिश खाडीच्या सर्वांत अरुंद भागात होणार, असा जर्मनांचा समज व्हावा म्हणून ‘फॉर्टिट्यूड’ ही मोहीम आखली गेली होती. अमेरिकी जनरल पॅटन यांच्या अधिपत्याखाली एक संपूर्ण सैन्यगट आग्नेय इंग्लंडमध्ये सज्ज असल्याचा आभास बनावट बिनतारी संदेश, खोट्या नौका आणि दुहेरी हेरांचे अहवाल यांच्या साहाय्याने उभा करण्यात आला. यात सर्वांत मोठा वाटा हुआन पुजोल या स्पॅनिश माणसाचा होता. ब्रिटिश त्याला ‘गार्बो’ म्हणत. मुळात कोणी सांगितलेले नसताना तो लिस्बनमध्ये बसून, आपण इंग्लंडमध्येच आहोत असे भासवत जर्मनांना कल्पित अहवाल पाठवत होता. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्याला जवळ केले. ६ जून १९४४ रोजी सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर तीनच दिवसांनी त्याने कळवले की, हा हल्ला हुलकावणी आहे, खरा हल्ला अजून व्हायचा आहे. जर्मनांचे पंधरावे सैन्य पुढे कित्येक आठवडे मुख्यत्वे कॅलेच्या बाजूसच अडकून राहिले. गार्बोला जर्मनीचा आयर्न क्रॉसही मिळाला आणि ब्रिटिश सरकारचा सन्मानही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील जवळजवळ सर्व जर्मन हेर एम.आय. फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेने पकडले होते किंवा आपल्या बाजूला वळवले होते. फॉलेट यांनी एवढीच कल्पना केली की, एकजण निसटला. बाकीचा इतिहास त्यांनी आपल्या जागी राहू दिला आणि अखेरीस आपला काल्पनिक हेरही त्याच फसवणुकीत सामावून घेतला : फेबर मेल्यानंतर ब्रिटिश त्याच्याच नावाने खोटा संदेश पाठवतात. माझ्या मते ही शिस्त आहे म्हणूनच कादंबरी विश्वसनीय वाटते. युद्धावरील अनेक रोमांचक कादंबऱ्यांत पानोपानी नवे अस्त्र आणि नवा कट येतो, आणि मग कशावरच विश्वास बसत नाही.

प्रश्न (वास्को) : अशा घटना आपल्याकडे घडल्या काय?

उत्तर : आपल्या बंदरातच घडली आहे. तटस्थ पोर्तुगीज गोव्याच्या मुरगाव बंदरात आश्रयास असलेल्या ‘एहरनफेल्स’ या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची माहिती पुरवली जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या स्वयंसेवक पलटणींतील मध्यमवयीन नोकरदार मंडळींनी रात्री त्यावर छापा घातला. कप्तान मारला गेला आणि खलाशांनी जहाज बुडवले. तटस्थ बंदरातील हे कृत्य दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आले. मुरगावच्या त्या रात्रीवर मराठीत किंवा कोकणीत एक भक्कम कादंबरी व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न (डोंबिवली) : ल्यूसी आणि फेबर यांचे प्रेमप्रकरण खपासाठी घुसडलेले वाटते. ते वगळले असते तर कादंबरी अधिक सरस झाली नसती काय?

उत्तर : हा आक्षेप अनेक पत्रांत आहे. शरीरसंबंधांची वर्णने गरजेपेक्षा लांबली आहेत, हे मला मान्य आहे. ती निम्मी केली असती तरी काही बिघडले नसते. मात्र प्रकरणच वगळावे, हे मला मुळीच पटत नाही. ल्यूसी शेवटी अवतरत नाही, ती सुरुवातीपासून आहे. १९४० साली लग्नाच्याच दिवशी झालेला मोटार अपघात, वैमानिक होऊन लढण्याची संधी हुकल्यामुळे कडवट होत गेलेला तिचा पती डेव्हिड आणि पत्नीला दूर ठेवणारा त्याचा अबोला हे सारे लेखकाने फेबर बेटावर पोहोचण्यापूर्वीच सावकाश मांडले आहे. म्हणून ती परक्या माणसाकडे ओढली जाते तेव्हा तिच्यावर चटकन ठपका ठेवता येत नाही. आणि फेबर आजवर जगला तो कोणालाही जवळ येऊ न दिल्यामुळे. ती एक सावधगिरी तो येथे सोडतो; ज्याने इतरांना सहज मारले तो हिला मारू शकत नाही. सत्य उमगल्यावर ल्यूसी जिवावर उदार होऊन त्याचा संदेश जाऊ देत नाही, आणि त्याचा अंतही तिच्याच हातून होतो. सारी गुप्तचर यंत्रणा जे करू शकत नाही ते वादळात अडकलेली एक गृहिणी करते, आणि प्रेमप्रकरण काढून टाकले तर ती ते कशामुळे करू शकली, याचे उत्तरच उरत नाही. मला खटकणारी जागा वेगळी आहे : हिटलरच्या मुख्यालयातील प्रसंग फारच ठोकळेबाज उतरले आहेत.

प्रश्न (नाशिक) : आधी चित्रपट पाहावा की कादंबरी वाचावी?

उत्तर : कादंबरी आधी वाचावी. १९८१ च्या चित्रपटात डोनाल्ड सदरलंड यांचा थंड डोळ्यांचा फेबर उत्तम आहे, परंतु इतिहासाच्या प्राध्यापकाचा हेरशोधक झालेल्या गॉडलिमनचा पाठलाग त्यात बराच आटोपता घेतला आहे, आणि तो कादंबरीत निवांतपणे वाचण्यासारखा आहे.