हाताने कातलेल्या लोकरीचे मोजे टाचेला लवकर विरतात. नायलॉन न मिसळता टिकाऊ धागा कातता येतो का?

तुम्ही लिहिलंय की टकळीवर मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, कातून मोजे विणले, ते छान मऊ झाले, पण थोड्याच दिवसांत टाच आणि चवडा विरला. नायलॉनशिवाय टिकाऊ धागा नक्की कातता येतो. मी स्वतः तसेच मोजे घालते. मात्र त्यासाठी मऊपणाचा मोह आधी सोडावा लागतो.

मेरिनोचा तंतू साधारण 18 ते 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. गळ्याभोवती येणाऱ्या मफलरला तो उत्तम. पण तळपायाची कातडी जाड असते, तिला एवढ्या बारीक तंतूची गरज नसते आणि घासणीपुढे तो तंतू टिकतही नाही. शिवाय बुटाच्या आत ऊब, घाम आणि घर्षण एकत्र येतात. लोकरीचा नमदा व्हायला, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट थर व्हायला, हेच तीन घटक लागतात. मेरिनो या बाबतीत फार तत्पर, त्यामुळे मोजा एकीकडे विरतो आणि दुसरीकडे आटतो.

मोज्यांसाठी माझी पहिली पसंती सफोक, साउथडाउन, डॉर्सेट अशा मेंढ्यांच्या लोकरीला. कातणारे लोक हिच्याकडे ती थोडी खरखरीत म्हणून दुर्लक्ष करतात, हे मला फार खटकतं. हिच्या तंतूंना स्प्रिंगसारखे वळसे असतात, म्हणून धागा ताणला की परत जागेवर येतो. आणि ही लोकर सहजासहजी नमद्यासारखी आटत नाही. थोडी झळाळी आणि लांब तंतू हवे असतील तर ब्लूफेस्ड लेस्टर जातीच्या मेंढीची लोकर घ्या. नायलॉनचं काम मोहेर करतं. ही अंगोरा शेळीची लोकर, गुळगुळीत आणि अतिशय चिवट. पण तिला स्वतःची लवचिकता नाही, म्हणून पाचव्या हिश्श्यापेक्षा फारशी जास्त घालू नका, नाहीतर मोजे घोट्यावरून खाली घसरतात.

आता कातण्याकडे येऊ, कारण खरा टिकाऊपणा इथे ठरतो. पिंजून केलेल्या पेळूतून (लोकरीच्या सैल गुंडाळीतून) लांब ओढून कातलेला धागा फुगीर आणि उबदार होतो, पण त्यात तंतूंची टोकं सगळीकडून बाहेर डोकावतात. घासणी आधी याच टोकांना पकडते. मोज्यांसाठी लोकर विंचरून तंतू समांतर करून घ्या. कातताना थोडे थोडे तंतू पुढे ओढा आणि चिमटीने धागा गुळगुळीत करत मागे या. पीळ चिमटीच्या मागे, मोकळ्या तंतूंमध्ये शिरू देऊ नका.

पीळ नेहमीपेक्षा बराच जास्त द्या. मनाला ‘आता पुरे’ वाटेल त्याच्याही थोडा पुढे. नुकताच कातलेला धागा थोडा सैल सोडून पाहा. तो लगेच स्वतःभोवती घट्ट गुंडाळला गेला तर पीळ पुरेसा आहे. संथपणे, ढिले वेटोळे पडत असतील तर कमी आहे. टकळीवर काततच असाल तर हलकी टकळी घ्या, म्हणजे बारीक धागा तुटणार नाही.

एकेरी धाग्याचे मोजे विणूच नका. दुपदरी एक वेळ चालून जातो, पण तीन पदरच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. दुपदरी धागा थोडा चपटा असतो, तिपदरी गोल होतो, आणि घासणी एका पदरावर न येता तिघांत वाटली जाते. तीन पदर तीन वेगळ्या टकळ्यांवरून घ्या. एकाच धाग्याचे साखळीसारखे फास काढून तिपदरी करण्याची पद्धत रंगांसाठी सुंदर आहे, पण तिथे प्रत्येक फास पुढच्यात अडकलेला असतो. एक जागा तुटली की तो सांधाच सुटतो. मोज्यांना ती नको.

याच्या पुढची एक पायरी मला मनापासून आवडते. दोन पदर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने भरपूर पीळ देऊन काता आणि तिसरा उलट दिशेने, कमी पीळ देऊन. मग तिन्ही एकत्र त्या उलट दिशेनेच पिळा. दोन पदरांचा पीळ थोडा सुटतो, तिसऱ्याचा वाढतो, आणि सगळा धागा रबरासारखा ताण घेतो. पदर एकत्र करतानाही पीळ घट्टच ठेवा. लडी धुऊन वाळवल्यावर किंचित वळलेली राहिली तरी हरकत नाही.

जाडीचा अंदाज म्हणाल तर 100 ग्रॅममध्ये 350 ते 400 मीटर धागा निघावा. एका जोडीला साधारण तेवढाच लागतो. विणताना 2 ते 2.25 मिलिमीटरच्या सुया घ्या, 2.5 सेंटिमीटरमध्ये 8-9 टाके बसले पाहिजेत. ढिली वीण असेल तर कितीही चांगला धागा कातला तरी तो वाया जातो. टाचेला एक टाका विणायचा आणि एक न विणता उचलायचा, म्हणजे तिथे कापड दुहेरी जाड होतं. मोजा पायाच्या घेरापेक्षा थोडा लहानच ठेवा, कारण सैल मोजा बुटात सरकतो आणि तिथेच झिजतो.

सगळी लोकर कातून टाकण्याआधी छोटा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि अंगठ्याच्या नखाने जोरात घासा. लगेच लव निघाली तर पीळ वाढवायला अजून वेळ गेलेली नाही. मोजे कोमट पाण्यात, ब्लीच किंवा एन्झाइम नसलेल्या साबणाने धुवा. एन्झाइमवाल्या पावडरी प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. उरलेल्या धाग्याची छोटी गुंडी रफूसाठी जपून ठेवा. टाच पातळ दिसायला लागली की भोक पडायची वाट न पाहता त्याच धाग्याने ती भरून घ्या.