मेंदी रंगाच्या अंड्याचे दोन थर

प्रश्न : आम्ही नागपूरलगत बेसा येथे राहतो. परसातल्या खुराड्यात तपकिरी अंडी देणाऱ्या सहा ग्रामप्रिया कोंबड्या आहेत. मेंदीसारख्या गडद, ऑलिव्ह रंगाची अंडी मिळावीत म्हणून एका पक्षिपालकाकडून, निळी अंडी देणाऱ्या अमेराउकाना जातीची म्हणून, उबवणीची बारा अंडी कुरिअरने मागवली. पाचच पिल्ले निघाली आणि त्यांतला एक कोंबडा तेवढा जगला. त्याच्यापासून झालेल्या चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आता अंड्यावर आल्या आहेत. त्यांपैकी दोघींची अंडी फिकट हिरवी आहेत, दोघींची मात्र आईसारखीच तपकिरी. आमची फसवणूक झाली का? पुढे काय करावे?

उत्तर : निळ्या रंगाच्या बाबतीत आपली पूर्ण फसवणूक झालेली नाही, अर्धी झाली असावी. तपकिरी अंडे देणाऱ्या कोंबडीपासून हिरवे अंडे देणारी तलंग निपजली, याचा अर्थ कोंबड्याच्या अंगी निळ्या अंड्याचे जनुक नक्की आहे. ते शुद्ध, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेले असते, तर त्याच्या सगळ्याच लेकींची अंडी हिरवट झाली असती. दोघी कोऱ्या निघाल्या, त्या अर्थी त्याच्याकडे त्या जनुकाची एकच प्रत आहे आणि ती सरासरी निम्म्या पिल्लांनाच मिळते. चारांत दोन हे प्रमाण आपल्याकडे अगदी हिशेबात उतरले, पण चारांत एक किंवा तीन असे झाले असते तरी नवल नव्हते.

मेंदी रंग हा एक रंग नसून दोन आहेत, ही गोष्ट लक्षात आली की पुढचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. बिलीव्हर्डिन नावाचे निळसर हिरवे द्रव्य कवच घडत असतानाच त्यात मुरते. तपकिरी रंग देणारे प्रोटोपॉर्फिरिन मात्र अंडे बाहेर पडण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत मुख्यतः वरच्या थरावर चढते. एक साधा प्रयोग करून पाहावा. दोन्ही प्रकारची अंडी फोडून कवचाच्या आतला पातळ पापुद्रा ओल्या बोटाने सोलून काढावा. तपकिरी अंड्याचे कवच आतून पांढरे दिसेल, हिरव्याचे आतूनही निळसर. वरचा तपकिरी लेप दाट असला की बाहेरून पाहणाऱ्याची फसगत होते, आतल्या बाजूने होत नाही.

या दोन रंगांचा वारसाही वेगवेगळ्या रीतीने चालतो. निळा रंग एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी हे प्रभावीपण 1933 मध्ये दाखवले, आणि कोंबडीच्या जनुकसंचात फार पूर्वी शिरलेल्या एका विषाणूच्या तुकड्यामुळे हा रंग येतो, हे 2013 मध्ये उलगडले. तपकिरी रंगामागे मात्र अनेक जनुके असतात, त्यामुळे तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा न येता कमीजास्त उतरतो. परदेशात ऑलिव्ह अंड्यांसाठी निळ्या जातीशी मारान्स किंवा वेलसमर यांसारख्या गडद तपकिरी अंड्यांच्या जातीचा संकर करतात. ग्रामप्रियाची अंडी तपकिरी असली तरी तितकी गडद नसतात, शिवाय ती मुळात संकरित असल्याने तिच्या लेकींत रंग सारखा उतरेलच असे नाही. निळ्यावर फिकट तपकिरी चढला की फिकट हिरवाच दिसणार. आपल्या तलंगांचा त्यात दोष नाही.

म्हणून यापुढे निळ्याच्या मागे न लागता तपकिरी गडद करण्याकडे लक्ष द्यावे. हिरवी अंडी देणाऱ्या दोन्ही तलंगांना, मिळेल त्या सर्वांत गडद अंड्यातून निघालेला, दुसऱ्या घरचा कोंबडा द्यावा. कोंबडा स्वतः अंडे देत नाही, पण आईच्या अंड्याचा रंग लेकींपर्यंत पोहोचवतो, आणि हौशी पाळणारे नेमके हेच विसरतात. या जोडीच्या निम्म्या लेकींची अंडी हिरवट होतील आणि ती आजच्यापेक्षा गडद असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांतली सर्वांत गडद निवडून पुन्हा गडद वंशाच्या कोंबड्याकडे न्यावी. हे काम दोन-तीन पिढ्यांचे आहे.

निळा रंग पक्का करायचा असेल तर एक प्रत असलेले कोंबडा-कोंबडी एकत्र आणावे लागतात. त्यांच्या चार पिल्लांत सरासरी एक शुद्ध निघते. शुद्ध कोंबडा ओळखायचा, तर त्याला साध्या तपकिरी कोंबड्यांत सोडून लेकींची अंडी पाहावीत. कोंबड्याकडे एकच प्रत असेल, तर पाच लेकींपैकी पाचहीजणींची अंडी हिरवी येण्याची शक्यता 32 मध्ये 1 इतकीच असते. अमेराउकानाचा तुरा वाटाण्यासारखा बुटका, तीन ओळींचा असतो आणि त्याचे जनुक निळ्याच्या जनुकाजवळच बसलेले असते. म्हणून आपल्या कळपात असा तुरा असलेले पिल्लू आधी राखावे, पण केवळ तेवढ्यावर विसंबू नये.

रंगाची पारख मे महिन्यात करू नये. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ पडते. त्यातच हंगाम सरत आला की तपकिरी रंगही फिका होत जातो. तलंगेची पहिली अंडी सर्वांत गडद असतात, तुलना त्यांचीच करावी. खुराकाने कवचाचा रंग बदलत नाही. मेथी-पालकाने बलक पिवळाधमक होईल, शिंपल्यांच्या चुऱ्याने कवच मजबूत होईल, एवढेच.

बारांपैकी पाचच पिल्ले निघाली, याचे खापर विक्रेत्यावरच फोडता येणार नाही. प्रवासात अंडी हादरतात, उन्हात तापतात; पार्सल आल्यावर ती एक दिवस निमुळते टोक खाली करून स्थिर ठेवावीत, मगच खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात घालावीत. 21 दिवसांची ही उबवण नागपुरात पावसाळा सरल्यावर केलेली बरी. बाहेरून मोठे पक्षी आणलेच, तर तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नये.

प्रश्न : कडकनाथ कोंबड्याने हा रंग येईल का? एका ओळखीच्यांनी तसे खात्रीने सांगितले.

उत्तर : येणार नाही. कडकनाथाचा काळेपणा कातडी, मांस आणि हाडांत असतो, अंड्याचे कवच मलईसारखे किंवा फिकट तपकिरीच राहते. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच्या मांसासाठी. आपल्या कळपात तो आणल्यास काळसर कातडीची पिल्ले मिळतील, आणि तपकिरी रंग आहे त्याहून फिका होईल.