वाचलेली निम्मी पुस्तकं आठवत नाहीत, मग ते वाचन वाया गेलं का?

तुम्ही लिहिलंय की 2015 पासून वाचलेल्या पुस्तकांची यादी करायला बसलात आणि निम्म्या नावांपुढे अडलात. पुस्तक वाचलंय हे नक्की, पण आत काय होतं ते आठवेना.

माझ्याकडे 1991 पासूनची वही आहे. आता त्या तीन झाल्यात. बँकेत क्लार्क होतो, रकाने आखल्याशिवाय हात चालायचा नाही. अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, कुठून आणलं, कधी संपलं, शेरा. तुमचा प्रश्न वाचून परवा तिन्ही वह्या काढल्या आणि पेन्सिल घेऊन बसलो. ज्या पुस्तकातला एक तरी माणूस किंवा एखादा प्रसंग डोळ्यांसमोर येतो, त्याला खूण करायची. एकूण नोंदी 1,142, खुणा झाल्या 391. निम्मी आठवणारा माणूस माझ्या हिशेबी पुढेच आहे.

विसरलेल्यांतली बरीच विसरण्यासाठीच होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या साठेक माझ्या वहीत आहेत. खून कुणी केला ते एकीतलंही आठवत नाही. सोयच झाली, परत वाचता येतात. (वाचनालयाच्या प्रतींना शेवटचं पान नसायचं, त्यामुळे काहींमध्ये तेव्हाही कळलं नव्हतं.)

मला खरी लाज वाटली ती शेऱ्याच्या रकान्याची.

शिवाजी सावंतांच्या कर्णावरच्या 'मृत्युंजय'पुढे 1991 साली मी लिहिलंय, "अप्रतिम!!! याच्या तोडीचं काही नाही." तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, रात्र रात्र जागून वाचलेलं, रडलोही होतो. 2009 मध्ये पुन्हा हातात घेतलं तर चाळीस पानांपुढे जाईना. भाषा फार सजवलेली वाटली. दोष पुस्तकाचा म्हणवत नाही, एकविसाव्या वर्षी तीच भाषा हवीशी वाटली होती. पण गंमत अशी की खूण करताना डोळ्यांपुढे कर्ण आलाच नाही. आला तो त्याचा भाऊ शोण, रथामागे धावणारा. उद्गारचिन्हं त्याच्यासाठी नव्हती.

उलट व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पुढे 1992 चा शेरा आहे, "बरी. विशेष काही घडत नाही."

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. बायको आतून विचारायला आली काय झालं म्हणून. झालं होतं असं की 2012 मध्ये माझी बदली आटपाडीला झाली. माडगूळकरांचं माडगूळ त्याच तालुक्यात. त्या वर्षी आणि पुढच्या उन्हाळ्यात माणदेशात दुष्काळ होता, चारा छावण्या लागल्या होत्या. काउंटरला येणारे लोक अंगाला कडब्याचा वास घेऊन यायचे. घरी म्हातारं माणूस तेवढं राखणीला, बाकी सगळं घर जनावरांबरोबर छावणीत. एक आजोबा पैसे काढायला आले, अंगठा उठवला आणि बाकावरच बसून राहिले. म्हटलं, "बाबा, झालं काम." तर म्हणाले, "जातो की. जायचं कुठं म्हणून बसलोय." त्या रात्री तिथल्या वाचनालयातून आणलेली बनगरवाडी पुन्हा वाचली. नवखा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा जमवतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, औंधचा राजा येऊन जातो, आणि मग पाऊस दगा देतो नि मेंढरांमागोमाग अख्खी वाडी उठून जाते. 1955 चं पुस्तक. काही घडत नाही म्हणे! वाडीच्या वाडी रिकामी होते आणि मला काही घडलेलं दिसलं नव्हतं, कारण कोल्हापुरात नळाला रोज पाणी होतं. जुना शेरा खोडला नाही. त्याखाली तारीख घालून "पुन्हा वाचली" एवढंच लिहिलं.

'रणांगण'ची नोंद त्याहून वाईट. "लहान आहे, एसटीत संपलं." विश्राम बेडेकरांच्या कादंबरीबद्दल मला सांगण्यासारखं एवढंच होतं! युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हुसकावलेले ज्यू, चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांचं प्रेम. मुंबईला तो उतरतो, तिला मात्र पुढे जायचं असतं. पुढे कितीतरी वर्षांनी मुखपृष्ठाच्या आतलं साल नीट पाहिलं आणि चमकलो. 1939! म्हणजे छळछावण्यांत पुढे काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे, लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. ते धरून पुन्हा वाचलं तेव्हा डेकवरच्या साध्या गप्पासुद्धा वाचवेनात. माझ्या मते मराठीत इतक्या कमी पानांत एवढं सांगणारी दुसरी कादंबरी नाही. वाद घालायचा असेल तर तयार आहे.

'बलुतं'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझंच वागणं उघडं पडतं. शेरा आहे, "धक्कादायक." दया पवारांचं हे दलित आत्मकथन ग्रंथालीने 1978 साली काढलं, माझ्या हातात आलं 1994 मध्ये. आज वाटतं, धक्का कसला बसला होता? आमच्या गावात वेशीबाहेरची वस्ती शाळेच्या वाटेवर होती. रोज दोनदा तिथून जात होतो. त्यातल्या दगडूबद्दल, म्हणजे खुद्द पवारांबद्दल, वाचायला मला छापील पुस्तक लागलं.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'च्या तीन नोंदी आहेत. पहिली, "पान 60 ला सोडलं." दुसरीला पूर्ण केलं, आणि मग महिनाभर बोलताना नायक पांडुरंगासारखं उदाहरणार्थ, वगैरे, वगैरे सुरू. एका ग्राहकाला पाठवायच्या पत्रातही "इत्यादी वगैरे" गेलं होतं, साहेबांनी बोलावून झापलं. तिसरी नोंद 2016 ची. त्या वेळी पांडुरंगाचं कॉलेज, मेस वगैरे भरभर उलटत गेलो आणि त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तिथे थांबलो. तोवर आमच्या घरातलंही एक माणूस गेलं होतं.

2019 साली मीही वर्षाला पंच्याहत्तर पुस्तकं वाचायचं आव्हान घेतलं होतं. पुरी केली. त्या वर्षातल्या खुणा किती, तर सात. डिसेंबरमध्ये मी कपाटापुढे उभा राहून कण्याची जाडी बघून पुस्तक उचलत होतो, हे पक्कं आठवतं. पुस्तकं आठवत नाहीत. तुमच्या यादीतही असं एखादं घाईचं वर्ष निघेल, शोधून बघा.

याउलट 2021 मध्ये नोंदी फक्त अकरा, आणि त्या वर्षीचं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी कधी विसरेनसं वाटत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांना ताण नको म्हणून रोज संध्याकाळी मी वाचून दाखवायचो. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्याच नव्हत्या, त्यामुळे वाक्य कसं समोर बसून बोलल्यासारखं. आई मधेच थांबवायची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आलं की म्हणायची, "आमच्या आत्याबाई परवडल्या." त्यांचे नवरे, कवी नारायण वामन टिळक, न सांगता निघून जायचे, मिळालेले पैसे कुणाला तरी देऊन टाकायचे, अशा जागी ती जाम चिडायची. "कवी असला म्हणून काय झालं? घरात पीठ आहे का ते बघायला नको?" 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती होतात आणि लक्ष्मीबाई मागे राहतात, तो भाग आला त्या दिवशी मात्र एकदाही थांबवलं नाही. मी पुस्तक मिटलं तर म्हणाली, "उद्या नको, आजच वाच पुढचं." वीज गेली होती, मोबाइलच्या उजेडात वाचलं. पाच-सहा वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

पुस्तक चार भागांत 1934 ते 1936 मध्ये आलं, तेव्हा माझ्या आईचा जन्मही झाला नव्हता. तरी तिचं भांडण चालू होतं.

वही ठेवावी का, असंही तुम्ही विचारलंय. ठेवा, पण तारे देऊ नका. तारे चुकतात. मी आता शेऱ्यात फक्त दिसलेली एक गोष्ट लिहितो. आणि 'कुठून आणलं' हा रकाना सोडू नका. सुरुवातीला तो नुसता हिशेब म्हणून आखला होता, आता तोच सगळ्यात कामाला येतो. 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय, दोन कपाटं आणि एक पेपरचा स्टँड, एवढं दिसलं की तिथलं पुस्तक आपोआप उघडतं. "मित्राकडून, परत दिलं नाही" अशाही चार नोंदी आहेत. त्यातले दोघे मित्र अजून भेटतात, विषय कुणी काढत नाही.

न आठवणाऱ्या साडेसातशेंचं काय झालं, ते मला सांगता येणार नाही. त्यातलं एखादं काढून बघावं म्हणून काल वही मिटून परत उघडली आणि बोट ठेवलं. निघालं 'माझा प्रवास', 1998, शेरा नाही, खूणही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत सापडतात, झाशीच्या वेढ्यात अडकतात आणि खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी येतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं, तेवढंच मलाही. आज वाचनालयातून आणलंय. नोंद क्रमांक 1,143. विष्णुभट अजून वरसईतच आहेत, डोक्यावर कर्ज आहे, आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार असल्याची बातमी आली आहे.