'सांस्कृतिक ओळख' की 'सांस्कृतिक अस्मिता'?

एका कंपनीच्या कर्मचारी-नियमावलीचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, 'प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सांस्कृतिक आयडेंटिटीचा आदर राखला जाईल' या वाक्यात 'ओळख' लिहावे की 'अस्मिता'. त्याच मसुद्यात एके ठिकाणी 'विविधता' आणि दुसऱ्या ठिकाणी 'वैविध्यता' असे आले आहे, त्यांपैकी कोणते रूप ठेवावे, असाही त्यांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. 'विविध' या विशेषणापासून 'विविधता' आणि 'वैविध्य' अशी दोन भाववाचक नामे होतात आणि दोन्ही निर्दोष आहेत. मात्र 'वैविध्य' हे आधीच भाववाचक असल्यामुळे त्याला पुन्हा 'ता' लावणे 'सौंदर्यता' किंवा 'ऐक्यता' लिहिण्याइतकेच चुकीचे ठरते. 'विविधता' ठेवावे.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र थोडे खोलात जावे लागेल. 'अस्मिता' हा शब्द 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', या संस्कृत रूपाला 'ता' लागून झाला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील साधनपादात अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश असे पाच क्लेश सांगितले आहेत, आणि पाहणारा व पाहण्याची शक्ती ही दोन वेगळी असताना ती जणू एकच आहेत असे वाटणे, अशी अस्मितेची व्याख्या तेथे केली आहे. योगशास्त्रात साधकाने जी गोष्ट क्षीण करायची, तीच आज आपण जपायची मानतो. अर्थ असा पालटला तरी मूळचा 'मी आहे' हा उच्चार शब्दातून गेलेला नाही.

शब्दाचा खरा अर्थ तो कोणत्या क्रियापदांच्या संगतीने वावरतो यावरून कळतो. अस्मिता जागी होते, फुलते, दुखावते, डिवचली जाते. ओळख होते, पटते, पटवून द्यावी लागते. कोणी ती ठेवतो, कोणी विसरतो, तर कोणी समोर येऊनही दाखवत नाही. ओळखीच्या या सर्व प्रयोगांत दुसरा माणूस गृहीत आहे. ओळखपत्र आपण बाळगतो ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी. 'आपण मूळचे कुठले?' किंवा 'पूर्ण नाव काय?' असे नव्या सहकाऱ्याला विचारले जाते तेव्हाही ओळख विचारणाऱ्याच्या मनात तयार होते, आणि आपल्याकडे आडनावावरून जातीचा अंदाज बांधण्याची सवय इतकी मुरलेली आहे की उत्तर देणाऱ्याच्या हाती त्यातले फारच थोडे उरते. अस्मिता मात्र प्रथमपुरुषी आहे. ती दुसऱ्याने ठरवून देता येत नाही.

म्हणूनच ज्यांची ओळख शतकानुशतके इतरांनी ठरवली, त्यांनी हा शब्द उचलला यात मला मोठे औचित्य दिसते. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून जे त्रैमासिक चालवले आणि ज्याने दलित लेखकांच्या पिढ्यांना व्यासपीठ दिले, त्याचे नाव 'अस्मितादर्श' होते. तेथे 'ओळख' हा शब्द चालला नसता, कारण दलितांना ओळख तर गावाने केव्हाच दिली होती, आणि तीच झुगारायची होती.

गोव्यातही हा शब्द असाच भेटतो. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. तो दिवस गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळला जातो. कोकणीत ओळखीसाठी 'वळख' हा घरचा शब्द असूनही या दिवसासाठी संस्कृत शब्दच कोकणी वळणाने घेतला गेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण कोण आहोत हे स्वतः मत देऊन सांगण्याचा तो प्रसंग होता, आणि ज्यांनी विलीनीकरणाला मत दिले त्यांच्यासाठीही तो तसाच होता.

आता नियमावलीकडे येतो. तेथे बोलणारी कंपनी आहे, कर्मचारी नव्हे. आणि 'अस्मितेचा आदर राखला जाईल' असे वाचताना मराठी वाचकाच्या मनात आंदोलन, अभिमान आणि दुखावलेपण यांचे पडसाद उमटतात, जे येथे अभिप्रेत नाहीत. त्यामुळे दोहोंपैकी एकच घ्यायचा तर मी 'ओळख' घेईन. त्यातही एक अडचण आहे. अनेकवचन करताच 'सांस्कृतिक ओळखी' होते, आणि मराठीत 'त्यांच्या पुष्कळ ओळखी आहेत' याचा अर्थ त्यांचा वशिला किंवा परिचय दांडगा आहे असा होतो. एकाच माणसाच्या भाषा, धर्म, प्रांत, जात अशा अनेक ओळखी एकत्र नांदतात हे सांगायचे असेल तर 'ओळखीचे अनेक पदर' असे लिहावे. 'अस्मिता' या शब्दाला ही अडचण नाही. 'अनेक अस्मिता', 'अस्मितांचा संघर्ष' हे प्रयोग सहज चालतात.

तरीही माझा खरा आग्रह वेगळा आहे. कायद्याच्या किंवा नियमाच्या भाषेत भाववाचक नामापेक्षा प्रत्यक्ष वस्तूचे नाव अधिक संरक्षण देते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क सांगितला आहे, आणि त्यात आधी भाषा व लिपी ही हाताला लागणारी नावे येतात, संस्कृती नंतर. मुंबईच्या एखाद्या कार्यालयात डब्यातल्या सुक्या मासळीच्या वासावरून टोमणे ऐकणाऱ्या, किंवा फोनवर आईशी भोजपुरीत बोलताना आवाज खाली आणणाऱ्या कर्मचाऱ्याला 'सांस्कृतिक ओळख' या दोन शब्दांत स्वतःचा डबा आणि स्वतःची बोली दिसेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणून मूळ वाक्य असे बदलून पाहावे: 'आपले नाव, भाषा, पेहराव, आहार किंवा सणवार यांमुळे कोणत्याही कर्मचाऱ्याला कमी लेखले जाणार नाही आणि यांपैकी काहीही लपवण्यास त्याला किंवा तिला भाग पाडले जाणार नाही.' कलमाच्या शीर्षकात 'सांस्कृतिक ओळख' अवश्य ठेवावे.